‘एकदा सिझर, नेहमीच सिझर’ : एका वाक्याची तपासणी

कवठे महांकाळला विज्ञान शिक्षकांच्या एका बैठकीला आम्ही गेलो होतो. सरासरी आणि संभाव्यता वर्गात कशी शिकवावी, असा विषय होता. चहाच्या वेळी एक शिक्षिका जवळ आल्या. त्यांना सातवा महिना चालू होता, पहिले मूल सिझरने झालेले. त्या म्हणाल्या, “आकड्यांचं एवढं बोलता सर, तर मला एक सांगा. डॉक्टरांनी सिझरची तारीखच देऊन टाकली आहे. सासूबाई म्हणतात, उगाच कळा घेऊन टाके उसवायला नकोत. माझी मावसबहीण नर्स आहे, ती म्हणते नॉर्मल होऊ शकतं, विचारून बघ. कुणाचं खरं धरायचं?”

आम्ही डॉक्टर नाही. त्यामुळे त्यांनी काय करावे, हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नव्हता आणि आम्ही ते सांगितलेही नाही. पण ‘एकदा सिझर, नेहमीच सिझर’ हे वाक्य विज्ञानाचा नियम असल्यासारखे गावोगाव वापरले जाते. नियम म्हटला की तो कोणी, केव्हा, कशावरून आणि कोणत्या अटींवर मांडला, हे विचारायलाच हवे. बॉइलचा नियम शिकवताना ‘तापमान स्थिर असताना’ ही अट आपण फळ्यावर लिहितोच. या वाक्याची अट मात्र कोणी लिहीत नाही.

वाक्याचा जन्म

हे वाक्य १९१६ सालचे आहे. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी आपल्या व्यवसायबंधूंसमोर वाचलेल्या एका निबंधात ते येते. निबंधाचा रोख पहिले सिझर टाळण्यावर होता. एकदा पोट उघडले की पुढच्या प्रत्येक बाळंतपणावर त्याची सावली पडते, म्हणून पहिल्या वेळीच दहादा विचार करा, असे क्रेगिन सांगत होते. याला अपवाद असतात, हेही त्यांनी तिथेच नोंदवले आहे. त्यांच्याच एका रुग्ण स्त्रीला सिझरनंतर तीन मुले नैसर्गिक रीतीने झाली होती. म्हणजे पहिल्या सिझरबद्दलचा इशारा आपण दुसऱ्या सिझरचा हुकूम म्हणून वापरू लागलो.

त्या काळच्या दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली, सिझरचे कारण. तेव्हा मुडदुसामुळे कटिभागाची हाडे वाकडी होऊन वाट अरुंद होणे हे एक मोठे कारण असे. ही अडचण कायमची असल्याने प्रत्येक बाळंतपणात पुन्हा समोर येणारच. आज पहिले सिझर पुष्कळदा बाळ पायाळू असल्याने किंवा कळांच्या वेळी बाळाचे ठोके मंदावल्याने होते. ही कारणे पुढच्या वेळी असतीलच असे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे छेद. तेव्हा गर्भाशयावर वरच्या भागात उभा छेद घेत. गर्भाशय ही स्नायूंची पिशवी आहे. कळ येते तेव्हा तिचा वरचा, जाड भाग जोराने आकसतो, तर खालचा, पातळ भाग ताणला जातो आणि वाट मोकळी करतो. ओढ निर्माण करणाऱ्या स्नायूतच जुना व्रण असेल तर तो फाटण्याचा धोका मोठा असतो. आजच्या अंदाजानुसार अशा शंभर जणींपैकी चार ते नऊ जणींच्या बाबतीत तसे घडू शकते. १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मनरो कर यांनी खालच्या भागातल्या आडव्या छेदाचा पुरस्कार केला आणि पुढे तीच रूढ पद्धत झाली. या छेदानंतर कळा घेतल्यास व्रण फाटण्याचे प्रमाण साधारण दोनशेत एक असते. छेद बदलला तरी वाक्य जुनेच राहिले.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगायला हवी. पोटावरच्या कातडीचा व्रण आडवा आहे, म्हणून आतला गर्भाशयावरचा छेदही आडवाच असेल, असे मुळीच नाही. आत काय केले, हे फक्त शस्त्रक्रियेच्या कागदावर असते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, कागद माहेरच्या ट्रंकेत राहतो, आणि दुसऱ्या वेळी सासरच्या डॉक्टरांपुढे बाई नुसता व्रण घेऊन उभी राहते. आतला छेद ठाऊक नसताना डॉक्टरांनी सावध राहणे चुकीचे म्हणता येणार नाही.

लंबक दुसऱ्या टोकाला

या वाक्याची उलट बाजूही तितकीच तपासण्यासारखी आहे. १९८० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने जुन्या वाक्याला आव्हान दिले. सिझरनंतर नैसर्गिक प्रसूतीचे प्रयत्न वाढत गेले, आणि १९९६ पर्यंत तिथे आधी सिझर झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २८ जणी नैसर्गिक रीतीने बाळंत होऊ लागल्या. पण उत्साहाच्या भरात निवड सैल झाली. काही विमा कंपन्यांना खर्च वाचवायचा होता, त्यांनी तर असा प्रयत्न जवळजवळ सक्तीचा केला. मग गर्भाशय फाटल्याच्या घटना आणि खटले पुढे आले, अनेक रुग्णालयांनी असे प्रयत्नच बंद केले आणि दहा वर्षांत हे प्रमाण दहाच्या खाली घसरले.

या काळात स्त्रियांची शरीरे बदलली नव्हती. बदलल्या होत्या त्या घोषणा. ‘निसर्गाचे तेच चांगले’ हे वाक्यही ‘नेहमीच सिझर’ इतकेच आळशी आहे.

आकडे कसे वाचावेत

वॉशिंग्टन राज्यातल्या २०,०९५ स्त्रियांच्या नोंदींवरून २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कळा न येता दुसरे सिझर केलेल्या हजार जणींमागे १.६ जणींचे गर्भाशय फाटले होते. कळा आपोआप आलेल्या हजारांत हे प्रमाण ५.२ होते, औषधाने पण प्रोस्टाग्लॅंडिन न वापरता आणलेल्यांत ७.७, आणि प्रोस्टाग्लॅंडिन वापरून आणलेल्यांत २४.५. ‘नॉर्मल करून बघू’ या एकाच शब्दप्रयोगात किती निरनिराळे धोके लपलेले असतात, ते यातून दिसते. कळांची वाट पाहणे आणि कळा आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२००२ साली स्कॉटलंडमधून आलेला अभ्यास तर वर्गात शिकवावा असाच आहे. सिझरनंतर कळा घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमागे प्रसूतीशी निगडित बाळांचे मृत्यू सुमारे १३ होते. ठरवून केलेल्या सिझरच्या तुलनेत हे सुमारे ११ पट! ‘अकरा पट’ ऐकून कोणीही घाबरेल. पण दहा हजारांत एक आणि दहा हजारांत तेरा यांतला फरक बारा आहे. म्हणजे ९,९८७ स्त्रियांच्या बाबतीत तसे घडले नाही. शिवाय तोच अभ्यास सांगतो की हा धोका पहिलटकरणीच्या धोक्याएवढाच आहे, आणि पहिलटकरणीला आपण धोक्याच्या नावाखाली सरसकट टेबलावर घेत नाही. तरीही ते बारा मृत्यू खरे आहेत, आणि ज्या घरात ते घडतात त्या घराला टक्केवारी उपयोगाची नसते. गुणोत्तर आणि फरक या दोन्ही गोष्टी सांगितल्या तरच माहिती पुरी होते. एकच सांगणारा माणूस, मग तो कोणत्याही बाजूचा असो, आपल्याला माहिती देत नाही, वळवत असतो.

२००४ सालच्या अमेरिकी अभ्यासात १७,८९८ स्त्रियांनी प्रयत्न केला आणि त्यांपैकी ७३.४ टक्के यशस्वी झाल्या. १२ बाळांच्या मेंदूला प्राणवायूअभावी इजा झाली. ठरवून सिझर केलेल्या १५,८०१ जणींमध्ये असे एकही बाळ नव्हते. आईचे मृत्यू पहिल्या गटात ३, दुसऱ्यात ७, पण एवढ्या लहान संख्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही. आधी एखादे मूल नैसर्गिक रीतीने झाले असेल तर यशाचे प्रमाण आणखी वाढते. प्रयत्न फसून ऐन वेळी करावे लागलेले सिझर मात्र सर्वांत त्रासाचे, त्यात जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव अधिक.

या अभ्यासांवर आमचा एक आक्षेप आहे. यांत स्त्रियांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. ज्यांना यश मिळेल असे वाटले त्यांनीच बहुधा प्रयत्न केला. म्हणून हे आकडे दिशा दाखवतात, एखादीचे भविष्य सांगत नाहीत. यशाची शक्यता काढून देणारे एक गणितही २००७ साली अमेरिकेत तयार झाले. त्यात स्त्रीचा वंश हाही एक घटक होता, आणि कृष्णवर्णी स्त्रीची शक्यता आपोआप कमी निघे. अखेर २०२१ साली तो घटक काढून टाकण्यात आला. गणितात समाजाचा पूर्वग्रह शिरला की तो शास्त्रीय दिसू लागतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

राहून गेलेला रकाना

तारीख ठरवताना एक रकाना बहुधा कोराच राहतो, तो म्हणजे यापुढचे बाळंतपण. जुन्या व्रणावर वार रुजली तर ती गर्भाशयाच्या भिंतीत घुसून बसते, सुटत नाही, आणि रक्तस्राव जिवावर बेततो. २००६ सालच्या एका मोठ्या अभ्यासात वार खाली असलेल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण पहिल्या सिझरच्या वेळी शंभरात ३, दुसऱ्या वेळी ११ आणि तिसऱ्या वेळी ४० होते. तिसरे मूल हवे असणाऱ्या बाईसाठी हा रकाना फार महत्त्वाचा आहे. दोन मुलांवर थांबायचे पक्के ठरले असेल तर त्याचे वजन कमी होते. मात्र ‘सिझरबरोबर ऑपरेशनही उरकून टाकू’ हे सिझर करण्याचे कारण होऊ शकत नाही. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया नैसर्गिक प्रसूतीनंतरही लहानशा छेदातून होते.

दोनशेत एक, पण कुठे?

वरचे बरेचसे आकडे मोठ्या, सुसज्ज रुग्णालयांचे आहेत. तिथे भूलतज्ज्ञ, रक्त आणि शस्त्रक्रियागृह रात्रीबेरात्री हाताशी असते. गर्भाशय फाटले तर बाळाच्या हाती काही मिनिटेच असतात. कवठे महांकाळहून मिरज सुमारे चाळीस किलोमीटर. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका आहे, पण तिला रस्ता तोडावा लागतोच. गर्भाशय फाटण्याचे प्रमाण दोनशेत एक हे दोन्ही गावी सारखेच राहील, त्या एकीचे पुढे काय होते ते मात्र सारखे राहणार नाही. भूलतज्ज्ञाला फोन करून बोलवावे लागते अशा ठिकाणी एकटा डॉक्टर ‘नको’ म्हणत असेल, तर ती लबाडीच असे आम्ही म्हणणार नाही. त्याने ‘इथे नको’ म्हणावे आणि कुठे होईल ते सांगावे, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. मिरजेत १८९४ सालापासून वानलेस यांचे रुग्णालय उभे राहिले, १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रयत्न करायचाच असेल तर नाव तशा ठिकाणी आधीच नोंदवावे, कळा सुरू झाल्यावर धावाधाव करून भागत नाही. सरकारी रुग्णालयात २०११ पासून प्रसूती आणि सिझर दोन्ही मोफत आहेत.

पैशाचा प्रश्नही टाळता येणार नाही. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर बाळंतपणांत सुमारे ३ सिझर होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती २१.५ झाली, महाराष्ट्रात २५.४. देशभरात सरकारी संस्थांत १४.३ आणि खासगी संस्थांत ४७.४. एवढी तफावत केवळ शरीरशास्त्राने समजावून सांगता येत नाही. पण या टक्केवारीवरून एखाद्या बाईचे सिझर अनावश्यक होते असेही ठरत नाही. आणि पहिली सिझर वाढली की दुसरीही वाढणार, म्हणजे क्रेगिन यांचा मूळ इशारा खरा ठरला.

शिक्षकांनी काय करावे

त्या शिक्षिकांना आम्ही उत्तर दिले नाही, विचारायचे प्रश्न लिहून दिले. पहिल्या वेळी आतला छेद कोणता होता? सिझर कशासाठी झाले, आणि ते कारण आता आहे का? मधे किती अंतर गेले? कळा आपोआप आल्या नाहीत तर काय करणार? रात्री दोन वाजता इथे भूलतज्ज्ञ आणि रक्त किती वेळात मिळते? आणखी मूल हवे आहे का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांकडे नाही, सासूबाईंकडेही नाही.

काही दिवसांनी त्यांचे पत्र आले. कागद माहेरी, जतला सापडला होता. छेद खालचा, आडवा होता. तो कागद घेऊन त्या डॉक्टरांकडे निघाल्या होत्या. पुढे काय ठरले, ते पत्रात नव्हते.

वाचक शिक्षकांना एक विनंती. दहावीच्या वर्गाला ‘अकरा पट’चे रूपांतर दहा हजारांतल्या संख्येत करायला सांगा, आणि मग तोच आकडा घाबरवण्यासाठी व धीर देण्यासाठी अशा दोन्ही रीतींनी लिहायला सांगा. त्या वर्गातल्या मुलींवर आणि मुलग्यांवरही काही वर्षांनी या प्रश्नाला तोंड देण्याची वेळ येईल. तोपर्यंत निदान एवढे करा: घरात कोणाचे सिझर झाले असेल तर तो कागद शोधा, त्याची एक प्रत काढा, आणि ती बाई जिथे राहते तिथे ठेवा.