मुलूखमैदान, वीरगळ आणि आंकड्याची शिला

युद्धाच्या साधनांचें वर्णन करण्यांत आपल्या इतिहासलेखकांची लेखणी सहसा थकत नाहीं. तोफेची लांबी, तोंडाचा व्यास, वजन, ओतल्याचें साल, हें सर्व टिपणांत असतें; ती कोणावर डागली व त्यांचें काय झालें हा रकाना मात्र कोरा राहतो. म्हणून नगर प्रांताशीं व एकंदर महाराष्ट्राशीं संबंध असलेल्या कांहीं वस्तूंकडे कलाकृति म्हणून पाहून, त्यांनीं युद्धाची किंमत कितपत सांगितली आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

पहिली वस्तु मुलूखमैदान तोफ. ती आज विजापुरास शेरझा बुरुजावर असली तरी तिचें जन्मस्थान अहमदनगर. निजामशाहींत इ. स. १५४९ मध्यें महंमद बिन हसन रूमी यानें ती ओतली. वजन सुमारें ५५ टन, लांबी १४ फुटांच्या आसपास. पुढें ती परांड्यास व तेथून विजापुरास गेली. आणि १६८६ त विजापूर पडल्यावर औरंगजेबानें आपल्या विजयाचा लेख तिच्यावर कोरविला. तोफेचें मुख म्हणजे जबडा वासलेला सिंह असून त्याच्या दाढांत हत्ती चिरडला जात आहे. ओतकामाचें कौशल्य निर्विवाद होय. परंतु या शिल्पांत मारणारा पशु आणि मरणाराही पशु. माणूस दोहोंकडेही नाहीं. बत्ती देणाऱ्यास आपण माणूस मारीत आहों असें वाटूं नये, ही सोय या अलंकारानें करून ठेविली आहे. तोफ बाळगणाऱ्यांचीं नांवें तिच्या अंगावर आहेत. तिच्यापुढें उभे राहिलेल्यांचें एकही नाहीं. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईंत निजामशाही तोफांत तांब्याचीं नाणीं भरून मारा केल्याचें फेरिस्ता लिहितो. युद्धास पैसा लागतो हें सर्वच जाणतात. येथें पैसाच गोळा झाला.

दुसरी वस्तु वीरगळ. देशावरील गांवांच्या वेशीशीं किंवा मारुतीच्या देवळापाशीं असे दगड उभे असतात. तिसगांव-पाथर्डीकडील वाचकास ते काय हें सांगावयास नको. तळच्या चौकटींत झुंज, अनेकदां शेजारीं गाईंचा कळप. वरच्या चौकटींत वीरास नेणाऱ्या अप्सरा. त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. तोफेवर जो माणूस सांपडत नाहीं तो येथें सांपडतो. तो बहुधा निनांवी असतो, तरी एकटा असतो. आणि गाईंसाठीं मेला असल्यास तें कारणही दगड सांगतो. एवढ्यावरून वीरगळास युद्धविरोधी कला म्हणणें मात्र चुकीचें होईल. स्वर्गाची ती पायरी पाहून गांवांतील पुढच्या पोरानेंही तलवार उचलावी, हाही त्या दगडाचा हेतु आहे. शेजारच्या सतीशिळेवर कोपरांत वांकलेला, बांगड्यांनीं भरलेला हात दिसतो. ती युद्धाची खरी किंमत. परंतु शिल्पकारानें ती पुण्य म्हणून कोरली. आपण ती किंमत म्हणून वाचली पाहिजे.

वीरगळास दिसत नाहीं असाही एक मृत्यु आहे. आर्थर वेलस्लीनें ऑगस्ट १८०३ मध्यें नगरचा किल्ला घेतला, ही तारीख आपणांस पाठ असते. त्याच सुमारास, होळकरांच्या फौजांनीं केलेली मुलुखाची नासाडी आणि पावसाचें अवर्षण यांमुळें, १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ या प्रांतावर कोसळला. भुकेनें मेलेल्यांस वीरगळ मिळत नाहीं.

तिसरी वस्तु अगदीं साधी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धानंतर महाराष्ट्रांतील अनेक गांवांत सरकारनें संगमरवरी शिला बसविल्या. या गांवांतून इतके लोक युद्धास गेले व त्यांपैकीं इतके मेले, एवढाच मजकूर. आंकडा आहे, नांव नाहीं. कशासाठीं मेले हेंही नाहीं. वीरगळावर निदान गाई तरी होत्या. मेसोपोटेमियांत किंवा फ्रान्सच्या खंदकांत मेलेल्या शेतकऱ्याच्या पोराचें त्याच्या वेशीशीं उरलें तें एका संख्येंतील एक एवढेंच. आधुनिक युद्धाची नैतिक हानि या शिळेनें नकळत जितकी स्पष्ट सांगितली आहे, तितकी कोणत्याही हेतुपुरस्सर कलाकृतीनें क्वचितच सांगितली असेल.

मराठी वाङ्मयांत हा रकाना भरण्याचा एक प्रामाणिक यत्न विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरींत आहे. नांव रणांगण, पण तींत लढाई नाहीं. युरोपांतून मुंबईकडे येणारी एक बोट आहे व तींत जर्मनींतून हांकलले गेलेले ज्यू आहेत. मुंबईस नायक उतरतो. हेर्टा उतरूं शकत नाहीं. तोफ न डागतां युद्ध माणसास कसें निराधार करतें हें दाखविणें, हें या पुस्तकाचें बळ. नायकाच्या स्वतःच्या दुःखास तींत झुकतें माप मिळालें आहे, हें तिचें न्यून होय.

जुन्या शिल्पकारांस आजच्या नीतीनें तोलणें अन्याय आहे, असा आक्षेप येईल. तो मान्य आहे. शिल्पकारांस दोष देण्याचा हेतु नाहीं. दोष आहे तो त्यांचें शिल्प वाचतांना केवळ मापें घेणाऱ्या आपला. शौर्य खोटें होतें असेंही म्हणणें नाहीं. पण शौर्याची नोंद ठेवून मृत्यूची न ठेवणारा इतिहास अर्धा राहतो.

म्हणून एक सूचना. ज्या गांवांत अशी आंकड्याची शिला असेल, तेथील संशोधकानें गांवच्या दफ्तरांतून व त्या घराण्यांतून त्या आंकड्यामागील नांवें गोळा करावीं. शिळेवर पांच लिहिलें असेल तर पांच नांवें मिळेपर्यंत तें काम संपलें असें समजूं नये.