इ. स. १८८५ : एका वाङ्मयीन वर्षाचे मोजमाप

वाङ्मयाच्या इतिहासात एखाद्या वर्षाला स्वतःचे असे मूल्य क्वचितच असते. ग्रंथ एका वर्षी प्रसिद्ध होतो. परंतु त्याची घडण पूर्वीच्या अनेक वर्षांत झालेली असते आणि त्याचा परिणाम पुढील अनेक वर्षांत पसरतो. तथापि इतिहासकाराला कोठे तरी खुंटी ठोकावी लागते, आणि मराठीत अशी खुंटी १८८५ या वर्षावर ठोकण्याचा प्रघात आहे. अर्वाचीन मराठी कविता आणि सामाजिक कादंबरी या दोहोंचा नवा कालखंड येथून सुरू होतो, असे अभ्यासक्रमांतून व वाङ्मयेतिहासांतून वारंवार सांगितले गेले आहे. या समजुतीला आधार नाही असे नव्हे. प्रश्न एवढाच, की या वर्षाच्या जमाखर्चात कोणत्या बाजू मांडल्या जातात आणि कोणती बाजू वगळली जाते.

जमेची बाजू प्रथम पाहणे इष्ट होय. जानेवारीच्या आरंभी पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. मे महिन्यात त्याच शहरात मराठी ग्रंथकारांची दुसरी सभा कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. पहिली सभा सात वर्षांपूर्वी, १८७८ मध्ये, न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली झाली होती. एकवीस वर्षांच्या हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिति’ ही कादंबरी ‘पुणे वैभव’ पत्रातून याच वर्षी प्रसिद्ध होऊ लागली. केशवसुतांची उपलब्ध कवितांपैकी सर्वांत आधीची रचना याच वर्षाची मानली जाते. नोव्हेंबरात अण्णासाहेब किर्लोस्कर निवर्तले व संगीत रंगभूमीचे पहिले पर्व संपले. डिसेंबरअखेर मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन झाले. शिक्षण, ग्रंथव्यवहार, कादंबरी, काव्य, नाटक आणि राजकारण अशा सर्व अंगांनी गजबजलेले असे वर्ष विरळाच.

परंतु या घटनांतील वाङ्मयकृती त्यांच्या स्वतःच्या गुणांवर तपासल्या, तर चित्र काहीसे पालटते. ‘मधली स्थिति’ या नावातच मोठी सूचकता आहे. जुने सुटलेले आणि नवे न रुजलेले अशा सुशिक्षित समाजाच्या अवस्थेचे ते निदान आहे. पण रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची छाया तिच्यावर गडद आहे. आपट्यांची खरी शक्ती प्रकट झाली ती १८९० मध्ये ‘करमणूक’ निघाल्यावर, ‘पण लक्ष्यात कोण घेतो?’ या कादंबरीत. केशवसुतांची १८८५ मधील रचना म्हणजे कालिदासाच्या रघुवंशातील एका भागाचे भाषांतर होय. ‘तुतारी’ला अद्याप आठ वर्षे अवकाश होता. म्हणजे या वर्षाचे थोरपण हे पश्चात्बुद्धीने दिलेले थोरपण आहे. त्या वर्षी जे प्रत्यक्ष हाती आले ते उमेदवारीचे वाङ्मय होते.

त्याच वर्षी परिपक्व, स्वयंपूर्ण आणि आपल्या आशयाविषयी निःशंक असे एक लेखन मराठीत अवतरले. ते म्हणजे ग्रंथकार सभेच्या निमंत्रणाला जोतीराव फुले यांनी दिलेले नकाराचे उत्तर होय. ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त ते प्रसिद्ध झाले. त्याचा विस्तार अवघा काही परिच्छेदांचा आहे. परंतु त्यातील युक्तिवाद असा : जे लोक सर्वांना मानवी हक्क देण्यास मनापासून तयार नाहीत, त्यांच्या सभांशी व ग्रंथांशी आपल्या सभांचा व ग्रंथांचा मेळ बसत नाही. शूद्रातिशूद्रांनी जे सोसले त्याचा मागमूस त्या ग्रंथांत नाही. तेव्हा आपला विचार आपणच करणे प्राप्त आहे. हे उत्तर एकाकी नव्हे. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून झाला होता. १८८५ मध्येच पंडिता रमाबाई व ताराबाई शिंदे यांची बाजू घेणारे ‘सत्सार’चे अंक निघाले, आणि शेतकऱ्यांच्या स्थितीविषयी रानडे यांनी मांडलेल्या मताचा समाचार घेणारा ‘इशारा’ही प्रसिद्ध झाला.

फुले यांचा आक्षेप केवळ सामाजिक नाही. तो वाङ्मयीन आहे. ग्रंथ कोणाचा अनुभव सांगतो आणि कोणाच्या भाषेत सांगतो, हे दोन्ही प्रश्न त्यात आहेत. त्यांची सत्यता पडताळण्यासाठी पुण्याबाहेरचे एखादे ठिकाण घेणे सोयीचे होईल. उत्तर कोकणातील वसई तालुक्याचे गोखिवरे हे गाव असे आहे. तुंगार डोंगराच्या पायथ्याकडील हे गाव आज पालघर जिल्ह्यात, वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत येते. १८८५ मध्ये ते ठाणे जिल्ह्यातील एक खेडे होते. पण ते आडरानातले नव्हते : मुंबईहून गुजरातकडे जाणारा लोहमार्ग १८६४ मध्येच वसईवरून गेला होता. विद्वानांचे लक्षही या टापूकडे वळले होते. भगवानलाल इंद्रजी यांनी शेजारच्या सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये उकरला, आणि त्याच वर्षी ठाणे जिल्ह्याचे सरकारी गॅझेटियर इंग्रजीत छापून निघाले. तालुक्यातील पिके, सारा, जाती आणि रूढी यांची नोंद त्यात झाली. तात्पर्य, या मुलखातील दगड पुराणवस्तुशास्त्रात गेले आणि माणसे सरकारी दप्तरात गेली. वर उल्लेखिलेल्या मराठी कृतींत मात्र येथला आगरी, कुणबी, वारली किंवा ख्रिस्ती शेतकरी शोधून सापडत नाही. आगगाडी गावाच्या शिवारालगत पोचली होती. ग्रंथकारांची दृष्टी पोचली नव्हती.

भाषेच्या बाबतीत हे अंतर अधिकच स्पष्ट होते. वसई तालुक्यात वाडवळी, सामवेदी, आगरी, वारली अशा मराठीच्या कितीतरी बोली नांदत आलेल्या आहेत. शालेय पुस्तकांनी व वृत्तपत्रांनी मान्य केलेल्या ग्रांथिक मराठीत त्यांना स्थान नव्हते. ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुले यांच्या लेखनातील व्याकरणाची व शैलीची टवाळी केली, त्यामागे हेच प्रमाण होते. फुले यांचे गद्य ओबडधोबड आहे, वाक्ये लांबत जातात, रागाच्या भरात तोल सुटतो. हे दोष मान्य करूनही असे म्हणावे लागते, की औत, मोट, पाटाचे पाणी आणि कुलकर्ण्याची लेखणी यांचे जग प्रथमतः ज्या मराठी गद्यात सामर्थ्याने उतरले ते हेच गद्य होय. सुबकपणा हा गद्याचा एक गुण आहे, एकमेव गुण नव्हे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो न्याय्य आहे. फुले यांनी ज्या वर्गाच्या ग्रंथांवर हे आरोप केले, त्याच वर्गातील दोन तरुण त्या वेळी लिहू लागले होते. पुढे आपट्यांनी यमूच्या रूपाने बालविधवेचे दुःख अंतर्बाह्य उभे केले. केशवसुतांनी चार-पाच वर्षांतच अंत्यजाचे मूल आणि उपाशी मजूर यांना कवितेत आणले. तेव्हा १८८५ चा आरोप पुढील मराठी वाङ्मयास जसाच्या तसा लागू पडत नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु यावरून त्या आरोपाचे निरसन होते असे मात्र नाही. केशवसुतांच्या त्या कवितांत करुणा अस्सल आहे. तरीही बोलणारा कवी आहे, मजूर नव्हे. फुले यांची मागणी सहानुभूतीची नव्हती. ज्याने सोसले त्याने स्वतः लिहावे ही होती. या दोन गोष्टींतील भेद पुसला, की १८८५ चा अर्थच हरवतो. किंबहुना नव्या कवितेने आणि नव्या कादंबरीने जे आत्मपरीक्षण आरंभिले, त्याची कसोटी तिच्या जन्मवर्षीच कोणीतरी तयार करून ठेवली होती, असे म्हणता येईल.

ती कसोटी वापरात येण्यास मात्र फार विलंब लागला. फुले यांचे लेखन दीर्घकाळ समाजसुधारणेच्या प्रकरणात टाकले गेले आणि वाङ्मयाच्या प्रकरणात आले ते ओझरते. त्यांचे समग्र वाङ्मय धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादून शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळातर्फे प्रसिद्ध झाले ते १९६९ मध्ये, म्हणजे त्या पत्रानंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी. त्याआधी १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले होते, आणि बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला होता. या लेखकांनी १८८५ चे पत्र समोर ठेवून लिहिले असे म्हणण्याचे कारण नाही. पण त्या पत्रात जो ग्रंथव्यवहार कल्पिला होता तो त्यांच्या हातून प्रत्यक्षात आला, हे निर्विवाद आहे.

यावरून वाङ्मयीन वर्ष मोजण्याच्या पद्धतीविषयी काही निष्कर्ष निघतो. कोणत्या कृती प्रसिद्ध झाल्या एवढ्याच नोंदीने वर्ष पुरे होत नाही. त्या वर्षी वाङ्मयाच्या अधिकाराविषयी कोणता वाद उपस्थित झाला, हेही पाहावे लागते. सभेचा वृत्तांत जसा दस्तऐवज आहे, तसाच सभेला न येण्याचे कारण हाही दस्तऐवज आहे. आणि प्रस्तुत प्रकरणी तो अधिक टिकाऊ ठरला. ग्रंथकार सभेपासून आजच्या अखिल भारतीय संमेलनापर्यंत एक परंपरा सांगितली जाते. त्या सभेला मिळालेल्या नकारापासून निघालेली परंपराही तितकीच मराठी आहे. १८८५ हे वर्ष आरंभाचे म्हणावयाचे असेल, तर या दोन्ही आरंभांसह म्हणावे. पुण्याच्या सभागृहातून पाहिले तर पहिला दिसतो, गोखिवऱ्याच्या बांधावरून पाहिले तर दुसरा. आणि वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही ठिकाणी उभे राहून पाहिले पाहिजे.