तीस पेसोंचा हिशेब

ऑक्टोबर २०१९मध्ये चिलीचे राष्ट्राध्यक्ष सेबास्तियान पिन्येरा म्हणाले होते, की अस्थिर लॅटिन अमेरिकेत आपला देश म्हणजे वाळवंटातली हिरवळ आहे. त्याच महिन्यात सान्तियागोच्या मेट्रोत शाळकरी पोरं फाटकांवरून उड्या मारत होती. भाडं ३० पेसोंनी वाढलं होतं. १८ तारखेला उद्रेक झाला आणि २५ला एकट्या राजधानीत दहा लाखांहून जास्त माणसं रस्त्यावर उतरली. पोलिसांच्या छर्‍यांनी शेकडो निदर्शकांचे डोळे जायबंदी झाले, काहींची दृष्टी कायमची गेली.

‘तीस पेसो नव्हे, तीस वर्षं’ ही तिथली घोषणा आपल्याकडेही कौतुकाने सांगितली जाते. पण तीस वर्षं म्हणजे कोणती, हे कुणी विचारत नाही. पिनोशेची हुकूमशाही १९९०ला संपली, म्हणजे घोषणेतली तीस वर्षं लोकशाहीची आहेत! त्यातला बराच काळ मध्यम-डाव्या आघाडीने राज्य केलं. त्या काळात गरिबी घटली, हे खरंच आहे, ते नाकारून आपल्याला काही मिळणार नाही. पण १९८१चा पाणी कायदा, ज्यात पाण्याचे हक्क विकता-विकत घेता येतात, आणि त्याच वर्षी लागू झालेली खासगी पेन्शन, यांचा गाभा तसाच राहिला.

पेन्शनपाशी जरा थांबू या, कारण सगळी मेख तिथे आहे. कामगाराने पगाराचे १० टक्के स्वतःच्या खात्यात भरायचे, खासगी कंपनीने ते बाजारात गुंतवायचे. मूळ रचनेत मालकाचा वाटा शून्य. ही योजना आणणारे मंत्री होसे पिन्येरा, या राष्ट्राध्यक्षांचे सख्खे भाऊ. आणि यातून वगळलं कुणाला? सैन्याला आणि पोलिसांना. योजना इतकी गुणाची होती, तर लष्करी राजवटीने ती आपल्याच माणसांना का दिली नाही? (आपल्याकडेही केंद्राने २००४पासून नवी पेन्शन आणली ती सैन्यदलं वगळूनच. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५नंतर नोकरीला लागलेले कर्मचारी मार्च २०२३च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत होते, ते आपण पाहिलंय.)

आता अडचणीचा भाग. ऑक्टोबर २०२०मध्ये ७८ टक्के मतदारांनी नवी राज्यघटना हवी असा कौल दिला. घटना लिहिणार्‍या १५५ जणांत निम्म्या स्त्रिया, १७ जागा आदिवासी समूहांना. अध्यक्ष झाल्या एलिसा लोंकोन, मापुचे समाजातल्या भाषातज्ज्ञ. आणि सप्टेंबर २०२२मध्ये ६२ टक्क्यांनी तो मसुदा फेटाळला. डाव्यांनी कारण दिलं, अफवा पसरवल्या. पसरवल्याच, घरं काढून घेतील इथपर्यंत. दुसरं कारण, मतदान या वेळी सक्तीचं होतं, ७५ लाखांऐवजी सुमारे १ कोटी ३० लाख लोक आले. तेही बरोबर. पण होकाराची मतंसुद्धा दोन वर्षांत दहा लाखांनी घटली, त्याचं काय?

माझं म्हणणं असं, की चळवळीने त्या खात्याकडे फक्त शोषणाचं यंत्र म्हणून पाहिलं. कोविडच्या काळात संसदेने लोकांना पेन्शनखात्यातून १० टक्के रक्कम काढू दिली, एकदा नाही, तीनदा. डाव्यांनीही त्याला जोरात पाठिंबा दिला. पोट भरायला पैसा लागतोच, त्यांना दोष कसा द्यायचा? पण त्यातून घराघरांत एक गोष्ट पक्की झाली: हा पैसा माझा आहे, हात लावायचा नाही. पुढे याच भावनेवर ‘माझ्या पैशाला हात नको’ अशी मोहीम उभी राहिली. सामूहिक पेन्शनीत माझे साठलेले पैसे कुठे जातील, याचं साधं, कुणालाही कळेल असं उत्तर आपल्या बाजूने वेळेत दिलं गेलं नाही. चाळीस वर्षं माणसाला एकट्याने साठवायला लावलं, की तो एकट्यानेच विचार करतो, आणि ते त्याचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

डिसेंबर २०२३मध्ये उजव्यांनी लिहिलेला मसुदाही लोकांनी फेटाळला. १९८०ची घटना, अनेक दुरुस्त्यांसह, अजून चालू आहे. २०११च्या विद्यार्थी आंदोलनातून आलेल्या गाब्रिएल बोरिच यांच्या सरकारने २०२५मध्ये पेन्शन सुधारणा मंजूर करून घेतली. मालकाचा वाटा वाढला, कंपन्या मात्र राहिल्या.