आयरिश फिडल : पोथी, तबकडी आणि परंपरा

पाश्चात्य संगीत म्हटलें कीं आपल्या सुशिक्षित घरांतून एक ठरीव चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें : समोर छापील स्वरलिपि, आणि तींतलें एकही टिंब न चुकवितां वाजविणारा वादक. आपल्याकडील चीज गुरुमुखांतून यावयाची व तिकडील कागदावरून, हा भेद आम्हीही पुष्कळ दिवस खरा मानीत होतों. परंतु युरोपच्या पश्चिम टोंकाला, आयर्लंड व स्कॉटलंड या देशांत, फिडलवर ज्या परंपरागत नृत्यधुनी वाजवितात त्या लक्ष देऊन ऐकणारास हा समज फार काळ टिकवितां येत नाहीं. या धुनींना बाजारांत ‘केल्टिक’ असें सरसकट नांव मिळालें आहे. आम्ही येथें आयरिश वादनापुरताच विचार करणार आहों.

फिडल हें व्हायोलिनहून निराळें वाद्य नव्हे. त्याच चार तारा, तोच गज, तीच जुळणी. निराळी आहे ती वाजविण्याची रीत. डावा हात बहुधा पहिल्या स्थानावरून हलत नाहीं. मैफलीच्या व्हायोलिनांत सुराला जो सतत कंप दिलेला असतो तो येथें फार थोडा. आणि वादकाचें सारें कसब गजाच्या हाताला लागतें. धुनींची घडण म्हणाल तर अगदीं बाळबोध. रील चार मात्रांच्या चालीची, जिग सहांच्या, स्लिप जिग नवांच्या. बहुतेक धुनींत आठ-आठ लयखंडांचे दोन भाग असतात व प्रत्येक भाग दोनदां येतो. अशी ती बत्तीस खंडांची धून दोनतीनदां फिरवून वादक न थांबतां पुढची उचलतो.

इतक्या लहान सांचांत संगीत तें किती मावणार, असा प्रश्न प्रथम ऐकणारास पडतो. तोच भाग पुनःपुन्हां येतो, लय बदलत नाहीं, आवाज चढत-उतरत नाहीं. मग नाचणाऱ्याच्या पायांखेरीज यांत रस कोणास वाटावा? आम्हांलाही आरंभीं असेंच वाटलें होतें. पण चार-सहा वेळां एकच धून निरनिराळ्या हातांची ऐकल्यावर ध्यानांत येतें कीं आपण भलत्याच ठिकाणीं कान लावून बसलों होतों. ‘रोल’ नांवाचा अलंकार घ्या. मूळ सूर, वरच्या सुराचा निसटता स्पर्श, पुन्हां मूळ सूर, खालच्या सुराचा तसाच स्पर्श, आणि अखेर मूळ सूर : हें सगळें एका लांबट सुराच्या अवकाशांत उरकावयाचें. तो रोल किंचित् लवकर आला कीं किंचित् उशिरा, गज कोणत्या सुरावर उलटला, दोन सूर एका ओढींत घेतले कीं चार, यावर साऱ्या धुनीचा तोल अवलंबून असतो. शिवाय कित्येक जुने वादक काहीं धुनींतील निषाद ना कोमल ना शुद्ध, असा मधलाच लावीत. त्याला छापील लिपींत नेमकें चिन्ह नाहीं.

मग अशी धून पुस्तकांत कशी धरावयाची? या उद्योगांत सर्वांत मोठें नांव फ्रान्सिस ओनील यांचें. १८४८ सालीं कॉर्क परगण्यांत जन्मलेला हा गृहस्थ लहानपणींच दर्यावर्दी झाला आणि अखेर अमेरिकेंत शिकागो शहराच्या पोलीसखात्याचा मुख्य अधिकारी बनला. १९०१ ते १९०५ हा त्याच्या अधिकाराचा काळ. शिकागोंत येऊन राहिलेल्या आयरिश लोकांच्या ओठांवर व बोटांवर असलेल्या धुनी त्यानें गोळा केल्या. तो स्वतः बांसरी वाजवी. स्वरलेखनाचें काम मात्र त्याच खात्यांतील जेम्स ओनील या फिडलवादकानें केलें. १९०३ च्या त्यांच्या पहिल्या संग्रहांत १८५० धुनी आहेत, आणि १९०७ च्या नृत्यधुनींच्या संग्रहांत १००१. हा दुसरा ग्रंथ वादकांत नुसत्या ‘पुस्तक’ या नांवानें ओळखला जाऊं लागला, यावरून त्याची मान्यता कळेल.

या संग्रहाचें मोल कमी लेखणें कृतघ्नपणाचें होईल. तरीही परीक्षणाच्या दृष्टीनें पाहतां हें सांगितलेंच पाहिजे कीं पुस्तकांत आहे तो धुनीचा सांगाडा. गजाच्या उलटण्याविषयीं तें जवळजवळ मुकें आहे. डोनेगॉलचा वादक सुरासुराला गज उलटवून धून धारदार करतो. स्लायगोचा वादक सूर एकमेकांत ओवून तिला वाहती करतो. छापील पानावर दोघेही सारखेच दिसतात. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतील चीज नुसती वाचून कोणी गवई होत नाहीं हें आपण जाणतों, आणि त्या पुस्तकांचें ऋणही नाकारीत नाहीं. ओनीलविषयींचा आमचा अभिप्राय याच जातीचा आहे.

पुस्तकाची उणीव ग्रामोफोनच्या तबकडीनें भरून काढली, असें कोणी म्हणेल. येथें मायकेल कोलमनचें उदाहरण पुढें येतें. स्लायगो परगण्यांत १८९१ सालीं जन्मलेला हा वादक १९१४ मध्यें अमेरिकेस गेला, आणि १९२१ पासून पुढें सुमारें पंधरा वर्षें न्यूयॉर्कमध्यें त्याचें ध्वनिमुद्रण होत राहिलें. साथीच्या पियानोवाल्याला धून पुष्कळदां उमगलेली नसे. तरी त्या खरखरींतूनही कोलमनचा गज आज स्वच्छ ऐकूं येतो. लय घट्ट, सूर निवळ, आणि एक भाग दुसऱ्यांदा आला कीं त्यांत कांहीं तरी हळूच बदललेलें. या तबकड्या समुद्र ओलांडून आयर्लंडांत परत गेल्या आणि खेडोपाडींच्या वादकांनीं त्या झिजेपर्यंत ऐकल्या. १९३४ सालीं त्यानें तीन रील एका बाजूवर लागोपाठ वाजविल्या. त्या आजही पुष्कळ ठिकाणीं त्याच क्रमानें वाजतात. तबकडीच्या तीन मिनिटांत मावावें म्हणून जुळविलेला क्रम परंपरा होऊन बसला!

आमच्या मतें खरी हानि येथें झाली. स्लायगोची ढब इतकी प्रतिष्ठित झाली कीं इतर परगण्यांतील कित्येक वादकांना आपल्या बापाची, शेजाऱ्याची ढब गांवढळ वाटूं लागली. त्यांत १९३५ च्या कायद्यानें सार्वजनिक नृत्याला परवाना सक्तीचा केला. त्याच्या अंमलांत घरगुती नृत्यांवरही गदा आली, आणि ज्या स्वयंपाकघरांत या ढबी पिढ्यान्‌पिढ्या वाढल्या तें घरच वादकाच्या पायांखालून सरकलें. तबकडीचा याहून सूक्ष्म दोष असा कीं ती एका दिवसाचें वादन कायमचें करते. कोलमन स्वतः फेरा पालटतांच स्वर पालटी. त्याचा अनुयायी मात्र ते पालटलेले स्वर जसेच्या तसे पाठ करतो. म्हणजे त्यानें कोलमनचे स्वर घेतले आणि त्याची रीत टाकली. आज तर कोणतेंही ध्वनिमुद्रण निम्म्या गतीनें फिरवून एकेक सूर टिपतां येतो. म्हणून हा मोह पूर्वीपेक्षां बळावला आहे.

यावर उपाय काय, हें पाहावयाचें तर केरी व कॉर्क यांच्या सीमेवरील श्लीव लूअख्रा या डोंगराळ भागाकडे वळावें. तेथें पोल्का व स्लाइड या नृत्यधुनींचा सुकाळ आहे. तेथील पॉरिक ओकीफ (१८८७–१९६३) हा शाळामास्तरची नोकरी सुटल्यावर मैलोन्‌मैल पायीं हिंडून फिडल शिकवी. लेखनाशीं त्याचें वैर नव्हतें. त्यानें स्वतःची सोपी लिपि बसविली होती. चार जागा म्हणजे चार तारा, आणि आंकडा म्हणजे बोट. असा कागद तो शिष्याजवळ ठेवून जाई. पण कागदापूर्वीं त्याची फिडल शिष्यानें ऐकलेली असे, आणि पुढल्या खेपेस मास्तर समोर बसून शिष्याची ऐके. डेनिस मर्फी व ज्यूलिया क्लिफर्ड हीं भावंडें त्याचींच शिष्य. त्यांचें जोडीचें वादन ऐकावें म्हणजे गुरूची ठेवण जपूनही शिष्याचा हात मोकळा कसा राहतो तें कळतें.

आमचा निर्णय यावरून उघड आहे. पुस्तक असावें, तबकडीही असावी; पण दोहोंनाही प्रमाणाची गादी देऊं नये. धून शिकावयाची ती तिचीं हाडें ओळखण्यापुरती कागदावरून, तिचा श्वास ओळखण्यापुरती ध्वनिमुद्रणावरून, आणि तिला वळविण्याचा अधिकार मिळवावयाचा तो जिवंत वादकाच्या शेजारीं बसून. बत्तीस खंडांच्या त्या लहान सांचांत तिसऱ्या फेऱ्याला कोणता सूर पालटावा, हें ठरविण्याचें धैर्य ज्याला आलें, त्याच्या हातीं ती परंपरा सुखरूप आहे असें आम्ही समजतों.