नोंदीचे प्रामाण्य : वर्धा जिल्ह्याच्या निमित्ताने

शासकीय ओळखसंग्रहांविषयी जी चर्चा होते ती बहुधा चोरीची असते, चुकीची क्वचितच. माहिती बाहेर गेली काय, ह्या प्रश्नाला वृत्तपत्रांत मोठी जागा मिळते. मात्र नोंद मुळात खरी आहे काय, आणि ती व तो माणूस ह्यांत विरोध आल्यास कोणाचा शब्द मानावयाचा, हा प्रश्न मागे राहतो.

दि. 1 जून 2013 रोजी स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान थेट बँकखात्यात जमा करण्याची योजना ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत वर्धा होता. सिलिंडर बाजारभावाने घ्यावयाचा व फरकाची रक्कम आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात यावयाची, अशी तिची रचना होती. म्हणजे वितरकाची नोंद, बँकेची नोंद व आधारची नोंद ह्या तिन्ही जुळणे आवश्यक झाले. क्रमांकातील एका अंकाची चूकही अनुदान अडविण्यास पुरेशी होती. अशा प्रसंगी कोणी कुलूप तोडलेले नसते. तिन्ही संग्रह सुरक्षितच असतात.

वर्ध्याचे नाव निघाले की ट्रान्सवालमधील नोंदणीविरुद्ध गांधीजींनी दिलेल्या लढ्याचे स्मरण होते. ते काहीसे उतावळेपणाचे आहे. 1908 च्या तडजोडीनंतर गांधीजींनी आपले ठसे स्वतः होऊन दिले होते. त्यांचा झगडा मुख्यतः सक्तीशी होता. आधारची नोंदणीही ऐच्छिक म्हणविली जात असे. अनुदान तिच्याशी बांधल्यावर त्या शब्दात अर्थ किती उरला, हे सांगणे नलगे. आधार नाही म्हणून कोणाचे नुकसान होऊ नये, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2013 रोजी दिला. पुढे 2014 च्या आरंभी योजना स्थगित झाली. नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा आधार नसलेल्या ग्राहकासही बँकखात्याद्वारे अनुदान मिळण्याची सोय झाली.

मार्च 2018 मध्ये न्यायालयापुढे सरकारच्या वतीने असे सांगण्यात आले, की आधारची माहिती 13 फूट उंच व 5 फूट जाड भिंतींआड सुरक्षित आहे. ह्या विधानाची पुष्कळ थट्टा झाली. वस्तुतः भिंतीच्या जाडीपेक्षा तिच्यामागे काय ठेवले आहे हे तपासणे अधिक अगत्याचे होते. त्याच सुनावणीत शासकीय सेवांतील पडताळणीचे यश सुमारे 88 टक्के असल्याचे प्राधिकरणाने सांगितले. उरलेल्या प्रयत्नांतील प्रत्येक माणूस वंचित राहिला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. दुसऱ्या खेपेस ठसा जुळूही शकतो. पण कापसाच्या मुलखात श्रमाने बोटांच्या रेषा झिजलेल्या मजुराला ती दुसरी खेप म्हणजे बुडालेली मजुरी असते.

दि. 26 सप्टेंबर 2018 रोजी न्यायालयाने 4 विरुद्ध 1 अशा बहुमताने कायदा बव्हंशी वैध ठरविला. नोंदलेल्या माहितीच्या अचूकतेची संस्थात्मक जबाबदारी प्राधिकरण घेत नाही, ह्या गोष्टीवर न्या. चंद्रचूड ह्यांनी भिन्नमतपत्रिकेत बोट ठेवले. ह्या आक्षेपाचे मूळ 2016 च्या कायद्यातच आहे. त्याच्या 31 व्या कलमानुसार माहिती चुकीची आढळली किंवा ठसे बदलले, तर दुरुस्तीची विनंती आधारधारकानेच करावयाची असते.

येथे सातबाऱ्याशी तुलना उद्‌बोधक ठरते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (1966) 150 व्या कलमाप्रमाणे फेरफाराची प्रत चावडीत लावावी लागते, हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते, आणि तिचा निकाल लागल्यानंतरच नोंद प्रमाणित होते. एवढे करूनही 157 व्या कलमाने ती नोंद केवळ विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी धरली जाते. सातबाऱ्यात चुका नसतात असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. मात्र त्या चुकीखाली कोणा अधिकाऱ्याची सही असते व तिच्यावर अपील चालते. रेशन दुकानातील यंत्र ठसा जुळत नाही एवढेच सांगते. त्या उत्तराखाली कोणाचीच सही नसते.