‘गडी’ : राम जोशींच्या लावणीतील साधना आणि सुख

१

पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर, सोलापूरचे राम जोशी यांचे चरित्र मराठीत वारंवार सांगितले गेले आहे आणि त्याची रूपरेषा आता जवळजवळ ठरून गेली आहे. वेदशास्त्राची परंपरा असलेल्या घरातील मुलगा तमाशाच्या फडात रमतो. वडीलबंधू त्याला घराबाहेर काढतात. तो पंढरपुरास जाऊन संस्कृत काव्य व साहित्यशास्त्र यांचे अध्ययन करतो. परतून कीर्तन करू लागतो. पुन्हा डफाच्या ओढीने फडात जातो. आणि अखेरीस बारामतीच्या मोरोपंतांच्या प्रभावाने त्याच्या वाणीला वेगळे वळण लागते. यातील बराच भाग आख्यायिकेचा आहे. परंतु आख्यायिकाही एक संहिता असते आणि ती ज्या समाजाने घडविली त्या समाजाचे मूल्यभान तिच्या रचनेतून व्यक्त होत असते.

या आख्यायिकेचा व्यूह उघड आहे. तीत दोन स्थळे आहेत : फड आणि व्यासपीठ. फड म्हणजे तात्कालिक सुख. व्यासपीठ म्हणजे विद्या, प्रतिष्ठा, आत्मोन्नती. नायक या दोहोंमध्ये येरझारा घालतो, आणि कथेचा तोल शेवटी व्यासपीठाच्या बाजूला झुकतो. ‘राजकमल’च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) या चित्रपटाने बया आणि राम जोशी यांच्या प्रीतीला कथेच्या केंद्रस्थानी आणून फडाच्या पारड्यात सहानुभूती टाकली. पण पारडी दोनच राहिली. समीक्षेनेही बहुधा हीच विभागणी स्वीकारली. शृंगारिक लावण्या एका गटात, उपदेशपर पदे दुसऱ्या गटात, आणि दुसरा गट हा पहिल्याचे प्रायश्चित्त, असा एक अलिखित संकेत रूढ झाला.

प्रश्न असा आहे की ही विभागणी राम जोशींच्या रचनांतून निघते, की त्यांच्यावर लादली जाते? हा प्रश्न केवळ एका शाहिरापुरता मर्यादित नाही. माणसाने स्वतःला घडवीत राहावे की हाती असलेला क्षण भोगावा, या जुन्या पेचाकडे साहित्य कसे पाहते आणि समीक्षा कसे पाहते, यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

२

आधी त्या सर्वपरिचित लावणीकडे पाहावे, जीत मनात भरलेली एक सुंदरी क्षणभरही न ठरता हवेलीत शिरते. ही लावणी सुखाची, भोगाची म्हणून ओळखली जाते. पण तिच्यातील घटना कोणती? एक स्त्री दिसते आणि नाहीशी होते. पाहणाऱ्याची हौस पुरत नाही. ती पुन्हा मागे वळत नाही. म्हणजे ज्या रचनेला उपभोगाची लावणी म्हटले जाते, तिच्या ध्रुपदातच उपभोग घडलेला नाही. घडले आहे ते निसटणे. वर्तमान क्षण हातात नसतो, तो केवळ डोळ्यांसमोरून जातो, हे भान या लावणीला प्रारंभापासून आहे.

आता तिची बांधणी पाहावी. एका ओळीत तीन लहान सयमक तुकडे लगोलग येतात. चौथा तुकडा ते यमक मोडतो आणि त्याची जुळणी थेट पुढच्या ओळीच्या अखेरीस मिळते. पहिल्या तीन तुकड्यांत त्या स्त्रीच्या चालीची घाई आहे; चौथ्यात नजर क्षणभर अडकते; आणि जुळणीची वाट पाहणारा कान पुढच्या ओळीत खेचला जातो. घटनेत जे थांबत नाही ते रचनेत थांबविले जाते. हे थांबविणे उत्स्फूर्त नव्हे. प्रासाची ही पकड, संस्कृत वळणाच्या शब्दांचे बोलीतील शब्दांशी जमविलेले हे साहचर्य, उपमांची ही रास पाठांतरावाचून, अध्ययनावाचून, वर्षानुवर्षांच्या सरावावाचून हाती येत नाही. पंढरपुरात मिळविलेली विद्या येथे फडाबाहेर ठेवून आलेली नाही; ती फडातच राबते आहे. क्षणाचे सुख टिकते ते साधनेच्या बळावर.

उलट बाजूने त्यांचे प्रसिद्ध उपदेशपर पद घ्यावे. हट्टाने वस्त्रे रंगविणाऱ्या, डोक्यावर जटा वाढविणाऱ्या, मठाचा व्याप उभा करणाऱ्या साधकाला ते फटकारते आणि नरजन्माचे सार्थक कशात आहे हे सांगते. परंपरेने याला उपरतीचे पद म्हणून वाचले. परंतु ते भोगाचा निषेध करण्याआधी एका विशिष्ट प्रकारच्या आत्मोन्नतीचा उपहास करते. जी साधना दिसावी म्हणून केली जाते, जी अंगावर वागविता येते, जिचा मठ बांधता येतो, ती येथे निंदेचा विषय आहे. शिवाय हा उपहास ज्या शब्दांत येतो ते शब्द एकमेकांवर आदळत, यमकांच्या लडी उलगडत, ढोलकीच्या अंगानेच चालतात. वैराग्याचा उपदेश करणारी ही वाणी नादाच्या आनंदात आकंठ बुडालेली आहे. ऐकणाऱ्याला आधी सुख होते, मग बोध होतो. किंबहुना बोध त्या सुखातूनच होतो.

या दोन्ही रचनांत एक शब्द समान आहे, आणि त्याकडे लक्ष दिल्यास विभागणीची भिंत बरीचशी खचते. तो शब्द म्हणजे ‘गडी’. पहिल्या लावणीत न पुरलेल्या हौसेची कथा गड्याला सांगितली जाते. दुसऱ्या पदात माणसाने कोणाला गडी करून घ्यावे, तर नारायणाला, असे सांगितले आहे. मराठीत ‘गडी’ हा खेळातला सवंगडी. गुरू नव्हे, स्वामी नव्हे, ध्येय तर नव्हेच. परमार्थाच्या सर्वोच्च संबंधासाठी कवी खेळाच्या मैदानातील शब्द निवडतो, तेव्हा तो भोगाकडून योगाकडे गेला असे म्हणणे अपुरे ठरते. खेळ तोच राहतो, गडी बदलतो. जन्माचे सार्थक हे अखेरीस गाठावयाचे ठिकाण नसून खेळता खेळता जोडावयाची सोबत आहे, असा या शब्दाचा ध्वनी आहे.

३

भारतीय साहित्यशास्त्राला हा ध्वनी अपरिचित नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची प्रयोजने सांगताना यश आणि अर्थ यांच्या पंक्तीत ‘सद्यःपरनिर्वृति’ म्हणजे तत्क्षणी लाभणारा परमानंद ठेवला, त्याला सर्व प्रयोजनांचा मुकुटमणी मानले, आणि शेजारीच कांतेने करावा तशा गोड उपदेशालाही जागा दिली. यश ही महत्त्वाकांक्षा, उपदेश ही आत्मोन्नती, निर्वृति हे वर्तमानातील सुख. मम्मटाच्या यादीत ती एकमेकांची प्रतिस्पर्धी नाहीत. काव्याच्या हेतूंविषयीही त्याची भूमिका अशीच आहे. शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तीन वेगवेगळे हेतू नसून तिन्ही मिळून एकच हेतू होतो, असे तो आग्रहाने सांगतो. अभ्यास आज आणि आनंद उद्या, असा काळाचा हिशेब त्यात नाही.

या दृष्टीने मोरोपंतांशी असलेल्या संबंधाचाही फेरविचार करावा लागतो. आख्यायिकेत मोरोपंत हे संयमाचे प्रतीक होऊन येतात. परंतु मोरोपंतांनी रामायणे रचली ती कशी? एक ओष्ठ्य वर्ण टाळून, म्हणून ‘निरोष्ठ रामायण’. एक ‘परंतु रामायण’. एक ‘दाम रामायण’. एकच कथा पुन्हा पुन्हा नव्या बंधनात घालून पाहण्यामागे भक्ती आहे, पांडित्य आहे, आणि त्याइतकाच निखळ खेळही आहे. बंधन स्वतःहून स्वीकारावे आणि त्यात मोकळे व्हावे, ही खेळाची मूळ अट मोरोपंत पुरेपूर पाळतात. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेण्याचे काम राम जोशींनी केले, ते एका विलासी कवीने विरक्तापुढे मान तुकविली म्हणून नव्हे. शब्दांच्या खेळातील एका गड्याने दुसऱ्याला ओळखले, असे त्याचे वर्णन अधिक सार्थ होईल.

सोलापूरच्या भूमीत हा पेच आणखी जुना आहे. बाराव्या शतकात याच गावात, तेव्हाच्या सोन्नलिगेत, कन्नड वचनकार सिद्धराम तळे खोदण्याच्या व देवालये उभारण्याच्या कार्यात गढलेले होते. अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी या कार्यामागील कर्तेपणाच्या भावनेवर कठोर प्रहार केला, असा प्रसंग ‘शून्यसंपादने’त येतो. काम वाईट नव्हे, कामाचा मठ होणे वाईट, हा त्या संवादाचा रोख आहे. राम जोशींवर या परंपरेचा प्रत्यक्ष प्रभाव होता असे येथे सुचवावयाचे नाही. तथापि कन्नड आणि मराठी जेथे एकाच पेठेत बोलल्या जातात, तेथे दिखाऊ साधनेचा उपहास दोन्ही भाषांत आढळावा, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

४

पाश्चात्त्य विचारात या द्वंद्वाचे सर्वांत धारदार रूप किर्केगार्दच्या ‘आयदर/ऑर’ (१८४३) या ग्रंथात आढळते. पहिल्या भागात क्षणावर जगणारा रसिक बोलतो. दुसऱ्या भागात न्यायाधीश विल्यम त्याला नैतिक जीवनाची निवड करण्यास सांगतो. विल्यमचा दावा असा की नैतिक निवडीने सौंदर्य नष्ट होत नाही, ते तिच्या आत सुरक्षित राहते. व्यक्तिमत्त्वाच्या घडणीत या दोहोंचा समतोल साधता येतो. विवाह हे त्याचे उदाहरण. रसिक मात्र त्याला उत्तर देत नाही, आणि ग्रंथ निवाडा न करता संपतो.

राम जोशींच्या आख्यायिकेने विल्यमची बाजू घेतली, असे म्हणता येईल. त्यांच्या रचनांनी मात्र ना रसिकाची बाजू घेतली ना न्यायाधीशाची. ‘समतोल’ या कल्पनेतच एक गृहीतक दडलेले आहे : साधना आणि सुख ही दोन वेगळी वजने आहेत आणि एकात टाकलेले दुसऱ्यातून वजा होते. कारागिरीचा अनुभव या गृहीतकाला छेद देतो. डफावर थाप मारण्याचा सराव हा उद्याच्या सुखासाठी आज सोसलेला कष्ट नसतो. थाप बरोबर पडते त्या क्षणी सराव आणि सुख एकच असतात. व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके आजचे सुख उद्याच्या यशाकडे गहाण ठेवावयास शिकवितात. जाहिराती उद्याची चिंता सोडून आजच खर्च करावयास सांगतात. दोहोंनाही काळ हे भांडवल वाटते. लावणीला काळ हा ताल वाटतो.

५

या अन्वयार्थाला एक मर्यादा आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. फड आणि व्यासपीठ यांमध्ये ये-जा करण्याची मोकळीक कोणाला होती? राम जोशींना घराबाहेर काढले गेले हे खरे धरले, तरी पंढरपूरचे अध्ययन त्यांच्यासाठी खुले होते. कीर्तनाचे आसन खुले होते. बयेला ते नव्हते. आख्यायिकेत तिचा गळा आहे, रूप आहे, पण तिची उन्नती हा कोणाच्याच कथेचा विषय झालेला नाही. शर्मिला रेगे यांनी १९९५ मधील आपल्या लेखात लावणीतील शृंगाराचा संबंध कनिष्ठ मानलेल्या जातींतील स्त्रियांच्या श्रमाशी आणि त्यांच्या लैंगिकतेवरील नियंत्रणाशी जोडून दाखविला. त्यानंतर लावणीतील सुखाविषयी निरागसपणे बोलता येत नाही. ज्याला प्रेक्षक सुख म्हणतो ते नाचणारीसाठी काम असते. तिचा सराव कवीच्या सरावाहून कमी कठोर नव्हता; परंतु त्याला विद्या हे नाव मिळाले नाही, आणि म्हणून त्याग करण्याची प्रतिष्ठाही मिळाली नाही. उपरती होण्यासाठी आधी निवड असावी लागते.

म्हणजे साधना आणि सुख यांचे अद्वैत राम जोशींच्या शब्दांत सिद्ध होत असले, तरी फडाच्या समाजरचनेत ते सर्वांसाठी सिद्ध झालेले नव्हते. हे मान्य केल्याने त्या शब्दांचे मोल घटत नाही. उलट त्यांचा आवाका कळतो. ‘गडी’ हा शब्द समान पातळीवरील नाते सूचित करतो. खेळात एकाने आयुष्यभर केवळ डाव द्यावा आणि दुसऱ्याने घ्यावा, असे झाले तर ते गडी उरत नाहीत. राम जोशींनी हा शब्द मित्रासाठी वापरला, नारायणासाठी वापरला. जिच्या पावलांनी त्यांच्या यमकांना चाल दिली तिच्यासाठी तो वापरला जाणे, ही शक्यता त्यांच्या काळात खुली झाली नाही.

शृंगार आणि उपदेश यांची वेगवेगळी कपाटे करण्याऐवजी या रचना शेजारी ठेवून वाचल्या, तर राम जोशी हे पश्चात्तापदग्ध विलासी किंवा बहकलेले पंडित राहत नाहीत. शिकलेले सर्व एका क्षणाच्या सेवेला लावणारा, आणि तो क्षण जातो हे ठाऊक असणारा, असा कवी त्यांच्यात दिसू लागतो. त्यांच्या चरित्राला शेवट हवा होता, म्हणून परंपरेने उपरती पुरविली. लावणीला तशा शेवटाची गरज नसते. ध्रुपद पुन्हा येते आणि खेळ चालू राहतो.