‘सेन्स’ : एका शब्दाचा अर्थव्यूह

इंग्रजीतील अपरिचित शब्दांपेक्षा अतिपरिचित शब्दच वाचकाला अधिक फसवितात. अपरिचित शब्द भेटला की विद्यार्थी कोश उघडतो. ‘सेन्स’सारखा शब्द मात्र कळलाच आहे असे गृहीत धरून तो पुढे जातो. वस्तुतः इंद्रिय, संवेदना, विषयवासना, जाणीव, विवेक आणि अर्थ हे सारे या एकाच शब्दात नांदतात. त्याचे मूळ लॅटिन ‘सेन्सुस’ हे नाम होय व ते ‘जाणवणे’ या अर्थाच्या ‘सेन्तीरे’ या क्रियापदापासून आलेले आहे. देहाला जाणवणे आणि बुद्धीला उमगणे यांचा उगम एके ठिकाणी आहे, एवढेच व्युत्पत्ती सांगते. पुढे हे दोन प्रवाह परस्परांना कसे छेदतात, हे पाहण्यासाठी वाङ्मयकृतीकडेच वळावे लागते.

या शब्दाचा विचार करणाऱ्या दोन समीक्षकांच्या भूमिका येथे लक्षात घेण्याजोग्या आहेत. विल्यम एम्प्सन यांनी ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स’ (१९५१) या ग्रंथात ‘सेन्स’ला अनेक प्रकरणे दिली. शब्दाचे अर्थ कोशातल्याप्रमाणे ओळीने बसलेले नसतात; ते एकमेकांशी जोडले जातात आणि त्या जोडणीतून शब्द स्वतःच एखादे विधान करून जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. उलट सी. एस. लुइस यांनी ‘स्टडीज इन वर्ड्स’ (१९६०) मध्ये संदर्भाच्या सामर्थ्यावर भर दिला. संदर्भ हा अप्रस्तुत अर्थांना दूर ठेवतो. आजचा रूढ अर्थ जुन्या ग्रंथात नकळत शिरतो, हाच वाचकापुढील खरा धोका, असे ते बजावतात. या दोन्ही मतांची कसोटी शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’ या नाटकात लागते. १६०४ साली राजदरबारी प्रयोग झालेले हे नाटक १६२३ च्या फोलिओत प्रथम छापले गेले.

व्हिएन्नाच्या ड्यूकच्या जागी राज्यकारभार पाहणारा अँजेलो हा कडकडीत आचाराचा मनुष्य. विवाहविधी पूर्ण होण्याआधी जूलिएटशी संबंध ठेवल्याबद्दल त्याने क्लॉडिओला देहान्ताची शिक्षा फर्मावली आहे. विषयवासनेचा डंख अँजेलोला कधी जाणवतच नाही, असे लूसिओ पहिल्या अंकात म्हणतो. तेथे ‘सेन्स’ उघडच वासनेच्या अर्थाने येतो. दुसऱ्या अंकात क्लॉडिओची बहीण इझाबेला, जी मठात प्रवेश करण्याच्या बेतात आहे, अँजेलोपुढे दयेची याचना करते. आपल्या भावाच्या अपराधासारखे काही तुझ्याही अंतःकरणात आहे का ते विचारून पाहा, असे ती सुचविते. त्या क्षणी अँजेलो स्वगत बोलतो आणि एकाच वाक्यात ‘सेन्स’ दोनदा उच्चारतो : तिच्या बोलण्यात ‘सेन्स’ आहे, आणि त्याच्या संगाने आपला ‘सेन्स’ अंकुरतो आहे. पहिला ‘सेन्स’ युक्तीचा, दुसरा वासनेचा.

येथे केवळ श्लेष आहे असे म्हणून थांबल्यास नाटकाचे मर्म हातचे जाते. इझाबेला त्याला मोहात पाडण्याचा प्रयत्न करीत नाही. ती युक्तिवाद करते. त्याची वासना तिच्या विवेकानेच चाळवली जाते. कोशातून प्रत्येक ठिकाणी सोयीचा एकेक अर्थ उचलणाऱ्या वाचकाला अँजेलो हा निव्वळ ढोंगी वाटेल. परंतु ढोंगी मनुष्याला स्वतःचे आश्चर्य वाटत नाही. अँजेलो मात्र भयचकित झाला आहे. ज्या बुद्धीला त्याने वासनेवरील पहारेकरी मानले, तीच वासनेचे दार ठरली. हा अनर्थ शेक्सपिअरने एका शब्दाच्या द्विरुक्तीत साठविला आहे.

तथापि एम्प्सन यांची पद्धती सर्वत्र सारख्याच जोमाने लावता येत नाही. पुढील भेटीत अँजेलो इझाबेलेला म्हणतो की तिचा ‘सेन्स’ आपल्यामागे येत नाही. तिला आपले बोलणे कळत नाही, हा तेथला सरळ अर्थ. वासनेची छटा बोलणाऱ्याच्या हेतूत असली तरी ऐकणारीपर्यंत ती पोचत नाही. तो अर्थ तिच्यावर लादणे म्हणजे तिच्या निरागसतेवर अन्याय करणे होय. लुइस यांचा इशारा येथे उपयोगी पडतो : एका शब्दात किती अर्थ सामावू शकतात यापेक्षा कोण, कोणाशी, कोणत्या प्रसंगी बोलत आहे हे आधी पाहिले पाहिजे.

पाचव्या अंकात अँजेलोला देहान्त सुनावल्यावर मारिआना इझाबेलेला त्याच्यासाठी रदबदली करण्याची विनंती करते. ही विनंती सर्व ‘सेन्स’च्या विरुद्ध आहे, असे ड्यूक म्हणतो. आपल्या १७६५ च्या आवृत्तीत डॉ. जॉन्सन यांनी या स्थळी टीप दिली की विवेक आणि स्वाभाविक माया हे दोन्ही अर्थ येथे अभिप्रेत असून एकाच शब्दाने ते साधले आहेत. याच जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशात ‘सेन्सिबल’चा ‘समंजस’ हा अर्थ हलक्या संभाषणातला म्हणून नोंदविला होता. कोशकार अर्थांची प्रतवारी लावतो. टीकाकार ते एकत्र कसे वागतात ते पाहतो. एकाच व्यक्तीने ही दोन्ही कामे केली, हे लक्षणीय होय.

मराठी अनुवादकाची अडचण याच ठिकाणी स्पष्ट होते. ‘संज्ञा’ या शब्दात शुद्ध आणि नाव या दोन्ही अर्थांना जागा आहे. वासनेला मात्र नाही. ‘भान’ या शब्दात जाणीव आणि औचित्य दोन्ही येतात. पण अर्थ येत नाही. त्यामुळे अँजेलोच्या स्वगतासाठी अनुवादकाला दोन शब्द योजावे लागतात आणि ते योजताच विवेक व वासना ही दोन वेगळी घरे होतात. मूळ नाटकात त्यांचे घर एकच आहे. अँजेलोची शोकांतिका त्या एकाच घरात घडते. इझाबेला अखेरीस त्या सर्व ‘सेन्स’च्या विरुद्ध जाऊन गुडघे टेकते, हे तिचे मोठेपण ज्याला पारखायचे असेल, त्याने तिने काय ओलांडले हे या शब्दाच्या साऱ्या विस्तारासह आधी ओळखले पाहिजे.